गच्चीवरून विचारा उपग्रहाला, ‘बरा आहेस ना?’

२२ जून २०१६. पीएसएलव्ही-सी३४ यान श्रीहरिकोट्याहून वीस उपग्रह घेऊन उडालं. त्यातला एक होता ‘स्वयम्’. पुण्याच्या सीओईपीच्या पोरांनी आठेक वर्षं खपून बनवलेला, जेमतेम किलोभराचा. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला. टाळ्या झाल्या, पेपरात फोटो आले. पण खरी धाकधूक त्यानंतर सुरू होते. वर गेलेलं लेकरू बरं आहे का, हे कळणार कसं?

तेच सांगतं! असे उपग्रह ठरावीक वेळाने रेडिओवरून आपली तब्येत कळवतात. बॅटरीचं व्होल्टेज किती, तापमान किती, सोलर पॅनेलमधून करंट येतोय का. अडचण एवढीच, की दीड तासात पृथ्वीला फेरी मारणारा हा पाहुणा आपल्या आकाशात असतो फार तर दहा-बारा मिनिटं. तेही कधी भर दुपारी, कधी पहाटे तीनला. रोज कोण जागणार? म्हणून जागरणाचं काम मशीनकडे.

नातेपुतेकरांना हे पटकन कळेल. माउलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला कधी, दुसऱ्या दिवशी माळशिरसला कधी, सगळं आधीच ठरलेलं असतं. उपग्रहाचंही तसंच. कक्षेच्या आकड्यांवरून कॉम्प्युटर वेळापत्रक काढतो, वेळ झाली की रिसीव्हर आपोआप सुरू होतो आणि रेकॉर्डिंग नेटवर चढतं. मध्ये एक गंमत आहे. पंढरपूर रोडवर ट्रक जवळ येताना हॉर्नचा आवाज चढा लागतो, पुढे गेला की उतरतो. तसंच उपग्रहाची फ्रिक्वेन्सीही सरकते, ४३७ मेगाहर्ट्झवर दोन्हीकडे सुमारे दहा किलोहर्ट्झ. तेवढा फरक सॉफ्टवेअर चालता चालता भरून काढतं.

‘सॅटनॉग्ज’ हे अशा स्टेशनांचं जाळं. २०१४ मध्ये ग्रीसमधल्या हौशी मंडळींनी ते सुरू केलं, आराखडे सगळ्यांना खुले ठेवले. लागतं काय? रास्पबेरी पाय, यूएसबीचा छोटा रिसीव्हर, गच्चीवर अँटेना, नेट. आपल्या आकाशातला उपग्रह मावळला की पुढचं स्टेशन त्याचं ऐकतं. एकट्याने हे जमणारच नाही.

मग माणसाला काय काम? ओळखायचं! रेकॉर्डिंगच्या चित्रात उपग्रहाची रेघ सरळ उभी दिसते, कारण फरक आधीच भरून काढलेला असतो. जमिनीवरून येणारा सिग्नल मात्र वाकडी रेघ काढतो. मोठ्या शहरात अशी खरखर फार, शिवाय इमारती आड येतात. आपल्याकडे शेताच्या कडेचं घर असेल तर आकाश क्षितिजापर्यंत मोकळं. इथे पुण्या-मुंबईपेक्षा आपण वरचढ आहोत, खुशाल सांगा.

उपग्रहाशी उलट बोलायचं असेल तर हॅम रेडिओचा परवाना हवा. परीक्षा असते, बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. तोवर सॅटनॉग्जच्या साइटवर इतरांची रेकॉर्डिंग उघडून बसा आणि आधी सरळ रेघ शोधा.