गोळीचं टोक आणि गोळीची लांबी

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांत बिळं करून राहणाऱ्या खारी आणि प्रेअरी डॉग तिथल्या पशुपालकांना नकोसे असतात. एवढासा प्राणी लांबून टिपायचा, तर गोळी हलकी, वेगवान आणि अणकुचीदार हवी. टोकदार गोळीला हवेचा विरोध कमी होतो. पण हातात लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालची तरफ ओढून काडतूस भरायची रायफल असेल, तर अडचण या टोकापाशीच सुरू होते.

विंचेस्टरच्या १८९४च्या रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, एकामागे एक आडवी बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर टेकतं, आणि प्रायमर तर आघातानेच पेटतो. बार उडाला की रायफल मागे झटकते आणि ही सगळी रांग एकमेकांवर आपटते. टोक अणकुचीदार असेल, तर मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून या रायफलींना सपाट तोंडाची गोळी लागते, आणि ती लवकर वेग गमावते. हॉर्नाडी कंपनीने पुढे मऊ, दबणाऱ्या पॉलिमरचं टोक बसवून यातून वाट काढली.

आर्थर सॅव्हेजने मॅगझिनच बदललं. त्याच्या १८९९च्या लिव्हर रायफलमध्ये काडतुसं फिरत्या चक्रात एकमेकांशेजारी बसतात, त्यामुळे टोकदार गोळीला आडकाठी उरली नाही. १९१५मध्ये चार्ल्स न्यूटनने आखलेलं .२५०-३००० हे काडतूस याच रायफलसाठी आलं. ८७ ग्रेनची, म्हणजे साडेपाच ग्रॅमहून थोडी जड गोळी आणि वेग सेकंदाला ३,००० फूट.

स्वतः काडतुसं भरणारे लोक वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा घडवतात, नवा प्रायमर बसवतात, दारू तोलून घालतात आणि वर गोळी दाबतात. लिव्हर रायफलच्या पुंगळीवर मात्र त्यांना बारीक नजर ठेवावी लागते. जुन्या सॅव्हेजचा बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून रोखणारा दांडा, मागच्या टोकाला अडकतो, त्यामुळे दाबाखाली तो केसभर लवतो. पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटून राहतो, बूड मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. बुडाच्या किंचित वर चकाकती कडी दिसली की जाणकार सावध होतात. टोक वाकवलेली तार आत घालून ते भिंत चाचपतात. तार खाचेत अडकली की ती पुंगळी बाद. पुंगळी फाटली तर तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो, तेव्हा इथे काटकसर नकोच.

गोळी हवेत सरळ राहते ती फिरकीमुळे. जुन्या सॅव्हेजच्या नळीतले आटे १४ इंचांत एक फेरा घेतात. ३,००० फूट वेगाला हे सेकंदाला अडीच हजारांहून जास्त फेरे झाले. ८७ ग्रेनच्या गोळीला एवढे पुरतात, जास्त लांब गोळी मात्र डगमगते. गोळी जितकी लांब, तितकी जलद फिरकी हवी, हे गणित जॉर्ज ग्रीनहिलने १८७९मध्येच मांडलं होतं.

आज हाच हिशेब नव्याने करावा लागतो, कारण गोळीतलं शिसं. हलकी वेगवान गोळी प्राण्याच्या अंगात फुटून विखुरते आणि मेलेली खार बहुतेकदा कुरणातच पडून राहते. गरुड, डोमकावळे, कॉन्डोर ती खातात आणि शिशाचे कण त्यांच्या रक्तात उतरतात. १९८२मध्ये जगात कॅलिफोर्निया कॉन्डोर अवघे २२ उरले होते. आजही त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण शिशाची विषबाधाच आहे. पर्याय तांब्याचा. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जुन्या नळीची फिरकी तिला अपुरी पडू शकते. उपाय सोपा आहे: वजनाने हलकी, म्हणून आखूड तांब्याची गोळी घ्यायची. खारीसाठी ती पुरेशी आहे, त्यामुळे जुनी रायफल ही शिसं वापरत राहण्याची सबब होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९पासून वन्य प्राण्यांवर शिशाची गोळी झाडायला पूर्ण बंदीच घातली आहे.