शेवटच्या माणसाची चाल

रामनवमी जवळ आली की मुंबई-नाशिक महामार्गावर खर्डीच्या आसपास अंधार असतानाच माणसं चालताना दिसू लागतात. पुढे निशाण, मधे पालखी, आणि सगळ्यांच्या मागे टेम्पो. टेम्पोत पाण्याचे जार, गाद्या, डाळ-तांदळाची पोती आणि एखादा पाय सुजलेला पदयात्री. मुंबईहून शिर्डी साधारण अडीचशे किलोमीटर. मंडळं हे अंतर सात-आठ दिवसांत कापतात. खर्डी येईपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात, पुढे कसाऱ्याचा घाट असतो आणि सकाळी दहालाच डांबर तापलेलं असतं.

मोरोक्कोच्या सहारात दर वर्षी होणारी ‘मॅराथॉन दे साब्ल’ ही शर्यत जवळपास एवढ्याच अंतराची. पॅट्रिक बाऊर नावाचा फ्रेंच माणूस १९८४ मध्ये सहारातून एकटाच साडेतीनशे किलोमीटर चालला आणि त्यातून १९८६ मध्ये ही शर्यत निघाली. पहिल्या वर्षी धावणारे होते २३, आता हजाराच्या घरात असतात. आठवडाभराचं खाणं आणि अंथरूण पाठीवर घ्यायचं. पाणी तेवढं आयोजक देतात. सगळ्यांच्या मागून उंट चालत असतात. उंट पुढे गेले की तुमची शर्यत संपली.

शर्यतीची आणि पालखीची प्रेरणा वेगळी, त्यात शंका नाही. शरीराला मात्र प्रेरणा कळत नाही. सलग काही दिवस उन्हात अंतर कापायचं म्हटलं की त्याचे हिशेब दोन्हीकडे तेच असतात, आणि त्यातला बराचसा हिशेब खर्डीच्या रस्त्यावर उभं राहून समजून घेता येतो.

आधी घामाचं. उन्हात जोर लावणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. पण घाम आला म्हणून गारवा मिळत नाही. तो अंगावर वाळला तर मिळतो. आपल्याकडे घाटाच्या खाली हवा दमट, त्यामुळे शर्ट चिंब होतो, थेंब गळतात आणि गळालेला थेंब फुकट जातो. वाळवंटात उलट. घाम आल्या आल्या उडून जातो, अंग कोरडं राहतं, आणि धावणाऱ्याला वाटतं आपण अजून ठीक आहोत. संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात तेव्हा दिवसभरात काय गेलं ते कळतं.

मग नुसतं पाणी पीत राहावं का? इथेच नवखे फसतात. मीठ जातंय आणि वरून साधं पाणी ढोसलं जातंय, असं तासन्‌तास चाललं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाणी कमी पडल्यावरही जवळपास हेच होतं, म्हणून सोबती घाबरून त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण जिवावर बेततं. शर्यतीत यासाठी मिठाच्या गोळ्या घेतात. पालखीच्या मुक्कामावर मीठ घातलेलं ताक नाहीतर कोकम सरबत येतं, आणि माझ्या मते ते खेळाडूंच्या रंगीत पेयांपेक्षा कमी प्रतीचं मुळीच नाही.

उन्हाची सवय हीसुद्धा खरी गोष्ट आहे. रोज तास-दीड तास उन्हात कष्ट केले तर दहा-चौदा दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. वाळवंटातल्या शर्यतीला जाणारे त्यासाठी तापवलेल्या खोलीत सायकल मारतात. शहापूर-मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर मार्च-एप्रिलमध्ये राबणाऱ्यांना असली खोली लागत नाही. तसंच पाण्याचं. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, भातसा धरणही याच शहापूर तालुक्यात. पण उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो, आणि तो आला नाही तर बायका हंडे घेऊन निघतात. त्यांच्या चालण्याला कुणी शर्यतीचे टप्पे म्हणत नाही, एवढंच.

फुप्फुसं दमली म्हणून शर्यत सोडणारे थोडे. शर्यत सुटते ती बहुधा पायांमुळे. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. आतलं हाड पुढे सरकतं, वरची कातडी बुटाला चिकटून मागे राहते. अशी हजारो वेळा ओढाताण झाली की कातडीच्या थरांमध्ये फट पडते आणि तिथे पाणी साचतं. ओल्या कातडीला हे लवकर होतं. म्हणून वाळू आत जाऊ नये असं कापड बुटावर शिवून घेतात, मोजे वाळवतात, आणि दिवसागणिक पाय सुजणार हे धरून बूट आधीच एखादा नंबर मोठा घेतात. चढापेक्षा उतार वाईट: बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि नखं काळी पडतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च हाच कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून मुंबईकडे गेला. सुमारे १८० किलोमीटर, ६ ते १२ मार्च, पायांत झिजलेल्या चपला, काहींच्या तर त्याही नाहीत. सोललेल्या तळव्यांचे ते फोटो तेव्हा देशभर छापून आले.

आता सोबत्यांचं. गोबी, अटाकामा, नामिब इथल्या वाळवंटी शर्यती भरवणाऱ्या ‘रेसिंग द प्लॅनेट’चा नियम असा, की संघातल्या सगळ्यांनी पूर्ण वेळ एकमेकांपासून २५ मीटरच्या आत राहायचं. म्हणजे संघाचा वेग सर्वांत हळू चालणाराच ठरवतो. ऐकायला सोपं, प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी याच्यावरूनच भांडणं होतात. दमदार गडी थांबून थांबून वैतागतो, मागचा लाजेपोटी दुखणं लपवतो, आणि लपवलेला फोड दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नडतो. जाणते संघ सर्वांत हळू माणसाला पुढे घालतात. कारण मागे राहिलेला माणूस पुढच्यांना गाठेपर्यंत त्यांची विश्रांती झालेली असते आणि तो पोचताच ते निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. पुढे चालणाऱ्यावर ही वेळ येत नाही.

सोबतीचा दुसरा प्रकार नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी दाखवला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत त्यांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. ती पुरी करणारा हा पहिला भारतीय संघ. सुरुवातीलाच कॅलिफोर्निया-ॲरिझोनाचं वाळवंट लागतं. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत. रात्रंदिवस हीच पाळी. इथे झोप हीच खरी शिधासामग्री आणि ती दोघांत वाटून घ्यायची. मागच्या गाडीतली माणसं बाटली कधी द्यायची, रस्ता कुठे वळतो, सायकलवरचा पेंगतोय का, हे बघत असतात. दोनच वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. पण तिथला ‘एकटा’सुद्धा मदतनीसांच्या गाडीशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभा राहू शकत नाही.

खर्डी-कसाऱ्याकडची पोरं पळायला चांगली आहेत आणि त्यांतल्या एखाद्याला असल्या शर्यतीची हौस आलीच, तर आडकाठी पायांची नसून पैशांची आहे: प्रवेश शुल्क, विमान, सामान मिळून खर्च लाखांत जातो. तोवर सरावाला चैत्रातला हा रस्ता आहेच. पाठीवर सात-आठ किलोची पिशवी, तीन-चार सोबती, पहाटे निघून दुपारी सावलीत पडायचं आणि ऊन कलल्यावर पुन्हा चालायचं, असं सलग चार दिवस. निघण्याआधी एकच ठरवून घ्यावं, की ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतो आणि त्याला कारण विचारायचं नाही.