भोंगा वाजला, फोन खाली

जर्मनीच्या हेसन राज्यात ऑगस्ट २०२५पासून शाळेच्या आवारात मोबाइलचा खासगी वापर कायद्यानेच बंद झाला. फ्रँकफर्टला खेटून असलेल्या एश्बॉर्नच्या शाळाही त्यात आल्या. फोन दप्तरात असला तरी चालतो. आजारपण किंवा तातडीची अडचण असली, किंवा शिक्षकांनी धड्यासाठी सांगितलं, तर बाहेरही काढता येतो. एरवी सहसा नाही.

पण कायदा शाळेच्या फाटकाशी थांबतो. घरातल्या संध्याकाळचं काय?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं या प्रश्नाला तीन वर्षं आधीच हात घातला. करोनात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात. सरपंच विजय मोहिते यांनी ऑगस्ट २०२२मध्ये आधी गावातल्या बायकांची बैठक घेतली आणि मग निर्णय झाला: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर समजावत फिरले. नियम मोठ्यांनाही लागू होता, हे त्यातलं खरं शहाणपण.

एकट्यानं फोन दूर ठेवणं अवघड जातं, कारण तो हातातून सुटू नये अशीच त्यातल्या सोशल मीडिया अ‍ॅप्सची रचना असते. कितीही सरकवा, मजकूर संपत नाही. २००९मध्ये फेसबुकवर ‘लाइक’ आलं आणि चारचौघांत कौतुक व्हावं ही साधी ओढ आकड्यांत मोजली जाऊ लागली. त्या आकड्यांशी स्वतःची तुलना करत कोवळी मुलं रात्री जागतात. आणि अपुरी झोप मन आणखी खचवते.

अमेरिकेत २०१८मध्ये संशोधकांनी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा तासभर मोकळा झाला, मन थोडं हलकं झालं. थोडंच, पण प्रयोग संपल्यावरही अनेकांचा वापर आधीपेक्षा कमी राहिला.

पण एश्बॉर्नसारख्या परदेशातल्या गावी मराठी घरात फोनमध्ये आजी-आजोबाही असतात. वडगावात भोंग्याची वेळ, संध्याकाळचे सात, होते तेव्हा एश्बॉर्नला दुपारचे अडीच, उन्हाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. नातवंडांचा व्हिडिओ कॉल तोडायचं कारणच नाही. कॉल संपल्यावर बोट रील्सकडे वळतं, अडवायचं ते तिथे.

म्हणून नियम एकट्या मुलावर लादू नका. जेवणाची वेळ सगळ्यांसाठी बिनफोनची ठरवा, नको त्या सूचना बंद करा, रात्री चार्जर झोपायच्या खोलीबाहेर लावा. आणि सुरुवात आईवडिलांनी करावी.