यवतमाळच्या ताटातील ज्वारी आणि आपले पथ्यपत्रक

चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रथमाध्यायी आहाराचा विचार आठ अंगांनी करावयास सांगितला आहे. त्यांतील ‘देश’ आणि ‘उपयोक्ता’ ही दोन अंगे यवतमाळ जिल्ह्यात दोन-तीन पिढ्यांत कशी पालटली, याची नोंद वैद्यवर्गाने घेणे अगत्याचे आहे. ओकसात्म्य हे उपयोक्त्याच्याच अधीन असते.

जुन्या पिढीच्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी असे. न्याहारीस कण्या वा आंबील. गव्हाची पोळी सणासुदीस आणि पाहुण्यांसाठी.

ज्वारी ताटातून जाण्यापूर्वी शेतातून गेली. संकरित वाणांचे उत्पन्न अधिक, परंतु दाणा भरताना पाऊस आल्यास कणसे काळी पडून भाव पडे. पुढे सोयाबीनने खरिपात जागा घेतली. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि नगदी पिकांचा ओढा वाढला. उरलेल्या ज्वारीस पाखरे, रानडुकरे व रोही यांचा उपद्रव. ज्वारीबरोबर कडबा गेला. गोठ्यातील जनावरे घटली आणि घरचे ताकही दुर्मिळ झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास दरडोई मासिक ५ किलो धान्य, मुख्यतः गहू-तांदूळ, अल्प दरात मिळू लागले. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. भुकेच्या दृष्टीने हा मोठाच आधार होय. मात्र ज्वारी आता विकत घ्यावी लागते.

यावनाल लघु, रूक्ष, शीत व कफपित्तशामक. गोधूम गुरु, स्निग्ध व बृंहण. श्रम घटले असता गुरु-स्निग्ध आहार नित्याचा झाला, तर संतर्पणजन्य व्याधींना वाव मिळतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. याचे खापर एकट्या गव्हावर फोडणे शास्त्रसंमत नव्हे; साखर, तळीव पदार्थ आणि बैठे जीवनही तितकेच कारणीभूत आहे.

म्हणून पथ्यपत्रकावर ‘ज्वारीची भाकरी’ एवढेच लिहून आपले कर्तव्य संपत नाही. विनामूल्य गहू घरात असता रुग्णाने ज्वारी कोठून व किती आणावी, हेही विचारावे. चरकोक्त पादांशिक क्रम येथे उपयोगी पडतो: चार पोळ्यांपैकी प्रथम एकीच्या जागी भाकरी, ती सोसवल्यावर दुसरी. वातप्रकृतीच्या रुग्णास भाकरी तुपासह द्यावी. जवस उष्ण व गुरु असल्याने पित्तप्रकृतीस बेताने सांगावा. औषधी दुकानदारांनी तो अखंडच ठेवावा, कारण दळलेला जवस लवकर खवट होतो.

शेतकरी रुग्णास आणखी एक सुचवावे: घरापुरती चार तासे ज्वारीची पेरावीत. पथ्य बांधावर पिकले, तरच ते ताटात टिकेल.