पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्या

आज आपण समुद्रापलीकडच्या एका गावाची माहिती घेऊ. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे. पोर्ट लुई ही त्याची राजधानी आणि जुनं बंदर. तिथं आजकाल पर्यटकांची मोठी जहाजं येतात. त्यांना क्रूझ म्हणतात.

क्रूझ म्हणजे पाण्यावरचं हॉटेलच. राहणं, खाणं, करमणूक सगळं जहाजावर. जहाज साधारण सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या काही तासांत प्रवासी उतरून गाव बघतात. ही सहल दोन प्रकारे होते. एक, जहाज कंपनीकडं आधीच पैसे भरायचे. मग गाडी आणि वाटाड्या तयार असतात, आणि परत यायला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. दुसरी, आपलं आपण फिरायचं. ही स्वस्त पडते, पण वेळेत परतलं नाही तर जहाज निघून जातं.

या थोड्या वेळात पोर्ट लुईत काय बघावं? टेकडीवरचा किल्ला आहे, 1812 साली सुरू झालेलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे, मोठी मंडई आहे. पण आपल्या माणसानं चुकवू नये अशी जागा बंदराच्या काठाला आहे. तिचं नाव आप्रवासी घाट. तिथं दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत.

या पायऱ्यांची गोष्ट अशी. मॉरिशसवर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. उसाच्या मळ्यांत गुलाम राबत. 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. म्हणून 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली होती. 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं या बंदरात उतरली. काही तिथून पुढं दुसऱ्या मुलखांत गेली. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रासहून आले, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली. त्यांत रत्नागिरी, सातारा अशा भागांतली आपली मराठी माणसं होती. सुरुवातीच्या जहाजांत बायका फारच थोड्या होत्या.

पायऱ्या चढून आलं की नोंदणी व्हायची, तब्येत तपासायची, मग मळ्यावर रवानगी. सुरुवातीच्या मजुरांचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि शिधा. पुढं एक जाचक रीत चालली. एक दिवस कामावर आलं नाही की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलं तरी सुटका नसे. निरक्षर माणसानं कागदावर खूण केली, पण आत काय लिहिलंय हे त्याला कोण सांगणार?

आज तिथं थोड्याच इमारती उरल्यात. मधून रस्ता गेल्यानं बराच भाग गेला. तरी 2006 साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. आलेल्या मजुरांच्या नोंदी आणि फोटो मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेत. त्यांच्या वंशजांना पणजोबांचं गाव त्यात शोधता येतं. मॉरिशसमध्ये 2 नोव्हेंबरला या मजुरांच्या आगमनाची सुट्टी असते आणि गणेश चतुर्थीलाही सरकारी सुट्टी असते. तिथली मराठी माणसं घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात आणि आपल्या जाखडीसारखा झाकरी नाच नाचतात.

आता पैशाचा हिशोब बघू. प्रवाशानं सहलीचे पैसे जहाजावर भरले, की कंपनी आपला वाटा ठेवून उरलेले गावातल्या सहलवाल्याला देते. तो त्यातून गाडीवाल्याला आणि वाटाड्याला देतो. जेवण जहाजावरच झालेलं असतं. म्हणून गर्दी मोठी दिसली तरी गावात सगळा पैसा राहत नाही. राहतो तो प्रवासी जे हातोहात विकत घेतो त्याचा. मंडईतली फळं, मसाले, आणि धोलपुरी. धोलपुरी म्हणजे डाळ भरून लाटलेली पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा. जोडीनं घेतात, आत उसळ आणि चटणी घालून गुंडाळून देतात. उभ्याउभ्या खाता येते, म्हणून घाईतल्या पाहुण्यालाही ती परवडते.

मैत्रिणींनो, आपल्याही गावाजवळ किल्ला, देऊळ, समुद्र असेल. गाडी येते, दोन तास थांबते, निघून जाते. येत्या बैठकीत तीन गोष्टी बोला. त्या दोन तासांत पाहुण्याला हातात धरून खाता येईल असं आपण काय देऊ शकतो? आपल्या गावची गोष्ट त्याला कोण सांगेल? आणि एखाद्या सहलवाल्याशी करार करायचा झाला, तर तो आधी बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या. दर किती, पैसे कधी मिळणार, गाडी आलीच नाही तर नुकसान कोणाचं, हे सगळ्यांना कळल्याशिवाय सही करू नका. सोळा पायऱ्या चढणाऱ्यांना कागद वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. आपल्या गटात आहे.