अंगणांतील गवत आणि बॅटरीचें यंत्र

ज्येष्ठ सरतां सरतां नाशकांत पावसानें जोर धरला, कीं ज्या अंगणांत उन्हाळाभर नुसती धूळ उडत होती तेथें पाहतां पाहतां गुडघाभर रान माजतें. गंगापूर रस्त्याकडे किंवा इंदिरानगरांत ज्या जुन्या बंगल्यांभोंवतीं अद्याप दोन-चार गुंठे मोकळी जागा उरली आहे, तेथील कुटुंबांस हें नवें नाहीं. निंदणीस माणूस वेळेवर मिळत नाहीं, आणि मग घरांतील वडील मंडळीच विळा घेऊन उकिडवी बसतात.

आमच्या घरीं हें काम ती. बाबांचें. गेल्या श्रावणांत शेवग्याच्या बुंध्याशीं गवताची मूठ धरावयास ते वांकले, तों हातभर अंतरावर घोणस वेटोळें घालून पडलेली! कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार वेळेवर कानीं पडला म्हणूनच बाबांचा हात मागें आला. सर्पमित्रास बोलावून तिला हलविण्यांत आलें, आणि त्याच रात्रीं जेवणाच्या पंक्तींत यंत्र घेण्याचें ठरलें.

या यंत्राची जन्मकथा मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं जॉर्ज बॅलस नांवाच्या गृहस्थांनीं १९७१ सालीं मोटार धुण्याच्या यंत्रांतील फिरते ब्रश पाहिले. ब्रशाचे केस मोटारीचा रंग न खरवडतां कानाकोपऱ्यांत शिरतात. मग झाडाच्या मुळाशीं वाढलेलें गवत असेंच कां कापूं नये? त्यांनीं पत्र्याच्या डब्याला भोंकें पाडून त्यांत मासे धरण्याची नायलॉनची दोरी ओंवली आणि तो डबा फिरविला. दोरी स्वभावतः मऊ. पण वेगानें फिरूं लागली म्हणजे ताठ होते आणि पात्याचें काम करते. पेट्रोलच्या यंत्रांचा गोंगाट व धूर ज्यांस नको, त्यांच्यासाठीं आतां बॅटरीवर चालणारीं यंत्रेंही दुकानोदुकानीं दिसतात.

तीं निवडतांना आम्ही फसलों, तें डब्यावरील आंकड्यास भुलून. व्होल्ट जितके अधिक तितकें यंत्र उत्तम, असें चिरंजीवांचें मत पडलें. यंत्र आलें तें चांगलें साडेचार किलो वजनाचें. दहा मिनिटांत बाबांचे खांदे भरून आले. चिरंजीव नोकरीनिमित्त आठवडाभर बाहेर. यंत्र माळ्यावर गेलें आणि विळा पुन्हा खालीं आला.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, जो माणूस प्रत्यक्ष गवत कापणार, त्यालाच दुकानांत न्यावें. बॅटरी बसवून यंत्र त्याच्या हातीं द्यावें आणि पांच मिनिटें तसेंच धरवावें. दांडा लांब-आंखूड करतां येतो कीं नाहीं, हें अवश्य पाहावें. एकत्र कुटुंबांत सासरे व सून सारख्या उंचीचे थोडेच असतात! आमचें दुसरें यंत्र तीन किलोंहून हलकें आहे, आणि तें रोजच्या वापरांत आहे.

आंकड्यांचा हिशेब कठीण नाहीं. व्होल्टांस अँपिअर-तासांनीं गुणिलें कीं वॅट-तास निघतात. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. यंत्र २५० वॅट ओढीत असेल तर सुमारें १७ मिनिटें चालेल. १८ आणि २० व्होल्ट असे दोन निरनिराळे डबे मांडलेले दिसतात, तेव्हां दोन्हींत बहुधा पांचच घट एकापुढें एक जोडलेले असतात. एकानें सरासरी दाब छापला, दुसऱ्यानें पूर्ण भरल्यावेळचा, इतकाच फरक. यास्तव वॅट-तास विचारावे. आमच्या मतें एका जड बॅटरीपेक्षां दोन हलक्या बऱ्या. एक चालते तोंवर दुसरी भरते, आणि बाबांनाही मध्यें विसांवा मिळतो.

धातूचें पातें लावण्याचा मोह टाळावा. आपल्या अंगणांत मुरूम असतो. पात्यानें उडालेला खडा दूर खेळणाऱ्या पोराच्या डोळ्यांतही जाऊं शकतो. दोरीनेंही खडे उडतातच; म्हणून चष्मा व बूट हवेतच आणि मुलें घरांत हवींत. दोरी झाडाची सालही सोलते. आमचा कोंवळा कढीपत्ता असाच गेला: बुंध्याभोंवतालची साल निघाली आणि महिन्याभरांत झाड वाळलें. आतां खोडाभोंवतीं वीतभर जागा सोडून देतों.

गाजरगवताला तर हें यंत्र लावूंच नये. १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम आढळलेलें हें रान आतां महाराष्ट्रभर पसरलें आहे. फुलोऱ्यांत तें कापलें तर पराग व पानांचे तुकडे अंगावर उडतात आणि कित्येकांस खाज किंवा दम्याचा त्रास होतो. फुलें येण्यापूर्वीं, जमीन ओली असतां, हातमोजे घालून तें मुळासकट उपटणेंच बरें.

बॅटरी उन्हाळ्यांत पत्र्याच्या खोलींत ठेवूं नये, आणि निकामी झाल्यावर घंटागाडींत टाकूं नये. २०२२ च्या नियमांप्रमाणें ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

हातांत यंत्र आलें म्हणून साप अंगण सोडून गेले नाहींत. हात गवतापासून चार फूट दूर राहतो, हाच काय तो मोठा लाभ. तरीही बाबा आधीं काठीनें गवत झोडतात, थोडा वेळ थांबतात, आणि मगच कळ दाबतात. तुळशीवृंदावनामागील हातभर जागेंत मात्र यंत्र नेत नाहींत. तेथें दूर्वा आहेत. भाद्रपदांत एकवीस दूर्वांच्या जुड्या लागतात, त्या ते अद्याप हातानेंच खुडतात. तेथेंही काठी आपटल्यावांचून बसत नाहींत.