चाक, चेसिस आणि चढ (भाग ९) : जुन्या पिकअपला टर्बोचं इंजिन

गेल्या आठवड्यात गिअरबॉक्सपर्यंत आलो होतो. आज देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी भागातल्या गाडीवाल्यांचा लाडका प्रश्न घेऊ : जुन्या पिकअपला टर्बोचं इंजिन बसतं का?

बसतं. टाटांनी तर हे स्वतःच्याच गाड्यांत करून दाखवलंय. १९८८ साली आलेल्या टाटामोबाइल पिकअपचं डिझेल इंजिन १९४८ सीसीचं, ४८३ या कुळातलं. म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर. ९० मिलिमीटरचा स्ट्रोक धरून गणित केलं की १९४८ हाती येतात. ताकद साठ-पासष्ट अश्वशक्ती. याच इंजिनाला टर्बो जोडून पुढे सिएरा आणि १९९८ची सफारी नव्वदच्या घरात गेली.

ही वरची ताकद येते सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुरातून. धूर जाता जाता एक चक्री फिरवतो. त्याच दांड्यावरची दुसरी चक्री हवा दाबून सिलिंडरात कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं याचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. चक्री मिनिटाला लाखभर फेरे सहज घेते, तेही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद करू नये. ऑइल थांबतं, चक्री मात्र तापलेलीच असते.

जुन्याच इंजिनावर नुसता टर्बो चढवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. त्याचे पिस्टन, हेड गॅस्केट, डिझेल पंप त्या दाबासाठी घडवलेले नसतात. अख्खं इंजिन बदललं तरी रेडिएटर, क्लचप्लेट, गिअरबॉक्स आणि मागचं क्राउन-पिनियन जुन्याच ताकदीचं उरतं. मिस्त्री इंजिन बसवून देतो, पण पुढची दुरुस्ती मालकाच्याच खिशातून होते.

शिवाय ही ताकद लागते कुठे? गोण्या भरून पिकअप ओल्या रानातून बाहेर काढताना इंजिनाचे फेरे कमी असतात, धूर कमी असतो. टर्बो तेव्हा जवळपास झोपलेलाच. तिथे पहिला गिअर आणि ड्रायव्हरचा पायच कामाला येतो. टर्बोचा उपयोग लांबच्या चढाला. आता कांदा घेऊन वाशीला निघालेली पिकअप बघा. संगमनेरपुढचा चंदनापुरी घाट चढायचा, तिथे टर्बो खुशाल मिरवावा. पण आळेफाट्यावरून पुढे माळशेज आला की भरलेली गाडी उतरणीला लागते! माळशेजचा चढ वाट्याला येतो तो परतीला, तेव्हा गाडी बहुतेक रिकामी. म्हणजे ज्या घाटाची धास्ती, तिथे भरल्या गाडीला हवा असतो ब्रेक. आणि बदलायला निघालेत इंजिन.

राहिली कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेला आणि आरसीत नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. इंजिन पार गेलं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवून आरटीओत नवा नंबर नोंदवून घ्यायचा, हा सरळ रस्ता. साध्याच्या जागी टर्बो त्यात बसत नाही, कुळ एक असलं तरी. कलम १८२अ खाली बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीही बोट ठेवणार.

माझं मत विचाराल तर जुनं इंजिन खोलून नीट बांधून घ्या. टर्बोच हवा असेल, तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली पिकअप बघा. ब्रेक, क्लच, गिअर तिच्या मापानंच बसवलेले असतात.

पुढच्या भागात : ड्रम ब्रेक उतरणीला तापून सुटतात ते का, आणि लायनर बदलूनही गाडी एका बाजूला का ओढते.